उजेड दणदणीत, वेग बेताचा: एओसीचा स्वस्तातला मिनी-एलईडी गेमिंग मॉनिटर

एओसीचा क्यू२७जी३एक्सएमएन हा मॉनिटर २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत ३०० डॉलरच्या आसपास विकायला आला. त्या किमतीत मिनी-एलईडी बॅकलाइट (पडद्यामागचे बारीक एलईडी दिवे) मिळणं तेव्हा नवलाचंच होतं. २७ इंच, २५६० बाय १४४० रिझोल्यूशन, १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० वेळा चित्र ताजं होणं), व्हीए पॅनेल (एलसीडीचा एक प्रकार), ३३६ डिमिंग झोन (स्वतंत्रपणे मंद होणारे बॅकलाइटचे भाग) आणि वर डिस्प्लेएचडीआर १००० चं प्रमाणपत्र. कागदावर हे सगळं महागड्या मॉनिटरचं आहे. पैसे वाचवले आहेत ते पॅनेलच्या वेगात आणि मागच्या पोर्टमध्ये. म्हणून घ्यायचा की नाही हे ठरतं दोन गोष्टींवर: तुम्ही कुठले गेम खेळता आणि कुठल्या खोलीत बसता.

आधी एचडीआरबद्दल, म्हणजे खूप उजळ आणि खूप गडद भाग एकाच चित्रात दाखवण्याबद्दल. बाजारात खोक्यावर ‘एचडीआर’ छापलेले बहुतेक स्वस्त मॉनिटर डिस्प्लेएचडीआर ४०० दर्जाचे असतात. त्या दर्जाला लोकल डिमिंगची, म्हणजे बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची, सक्तीच नाही. सगळा बॅकलाइट एकदम वरखाली केला तरी चालतो. परिणाम असा की चित्रात सूर्य उजळला की कोपऱ्यातला अंधारही राखाडी होतो. हा एचडीआर चालू करण्यापेक्षा बंद ठेवलेला बरा. डिस्प्लेएचडीआर १००० साठी मात्र पडद्याच्या दहा टक्के भागावर १००० निट्स (निट हे उजळीचं माप) द्यावे लागतात आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर सलग ६०० निट्स टिकवावे लागतात. सायबरपंक २०७७ या गेममधले रात्रीचे निऑन दिवे किंवा समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट या पडद्यावर डोळे किंचित बारीक करायला लावतात. एचडीआरकडून अपेक्षा असते ती हीच.

आता ३३६ झोन म्हणजे किती? २७ इंची पडदा साधारण ६० बाय ३३.६ सेंटिमीटरचा. भागून पाहिलं तर एका झोनच्या वाट्याला सहा चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा. तेवढ्या जागेत जवळपास ११ हजार पिक्सेल बसतात आणि त्या सगळ्यांमागचा उजेड एकत्रच कमीजास्त होतो. काळ्या आभाळात एकच चांदणी असेल तर मॉनिटरसमोर दोनच पर्याय उरतात. दिवा पूर्ण लावला तर चांदणीभोवती धुकट वलय दिसतं, मंद ठेवला तर चांदणीच विझल्यासारखी होते. कुठलंही सेटिंग हा पेच सोडवत नाही, फक्त तोल इकडे किंवा तिकडे ढकलतं.

इथे व्हीए पॅनेल कामी येतं. आयपीएस पॅनेलचा (एलसीडीचा दुसरा प्रकार) मूळ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजळीचं प्रमाण, साधारण १००० ला १ असतो, व्हीएचा ३००० ला १ किंवा त्याहून अधिक. दिवा मागे तेवढाच पेटलेला असला तरी व्हीएच्या काळ्या पिक्सेलमधून निम्म्याहून कमी उजेड गळतो, त्यामुळे इतक्याच झोनच्या आयपीएसपेक्षा वलय बरंच फिकं दिसतं. अट एकच, समोर सरळ बसायला हवं. बाजूच्या खुर्चीतून बघणाऱ्याला वलयही जास्त दिसतं आणि रंगही उतरलेले दिसतात. दोघांनी शेजारी बसून खेळण्याचं घर असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

ज्या व्हीएमुळे काळा रंग खोल मिळतो, त्याच व्हीएमुळे वेग जातो. पूर्ण काळ्या अवस्थेत या पॅनेलमधले द्रवस्फटिक उभे असतात. त्यांना तिथून थोडंसंच कलवायचं असेल, म्हणजे काळ्यावरून गडद राखाडीवर जायचं असेल, तर द्यायचं व्होल्टेज फार कमी असतं आणि स्फटिक आळसावल्यासारखे हलतात. १८० हर्ट्झला एक फ्रेम ५.५६ मिलिसेकंदांची. गडद छटांमधला बदल याच्या कित्येक पट वेळ घेऊ शकतो. म्हणजे आधीच्या दोन-तीन फ्रेमची सावली ताज्या फ्रेमवर रेंगाळते. एल्डन रिंग या गेमच्या गुहेत कॅमेरा फिरवला की दगडांमागे काळपट शेपूट ओढली जाते, ती हीच. उजळ प्रसंगात मात्र हा मॉनिटर अगदी ठीक चालतो. गवताळ मैदानावर कोणाला काही खुपणार नाही.

यावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला जोर देऊन वेगाने बदलायला लावणारं सेटिंग, वाढवणं हा पहिला मोह होतो. मधली पायरी ठेवा. वरच्या पायरीवर गडद शेपूट फारशी कमी होत नाही, उलट उजळ कडांमागे फिकट भूत दिसू लागतं. एकाच्या जागी दोन दुखणी. गेममधला ब्लॅक लेव्हल किंवा गॅमा एक-दोन खुणा वर उचलला तर फरक खरंच पडतो, कारण पिक्सेल त्या सुस्त पट्ट्यातून बाहेर येतात. किंमत म्हणून थोडा काळेपणा जातो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे झटपट नेमबाजीचे गेम गांभीर्याने खेळणाऱ्याने मात्र ही तडजोड करत बसू नये. त्याच्यासाठी जलद आयपीएस मॉनिटर स्वस्तही पडतो आणि जास्त उपयोगाचाही आहे.

व्हीएचं दुसरं दुखणं व्हीआरआर (गेमच्या फ्रेमरेटबरोबर मॉनिटरचा रिफ्रेश बदलत ठेवणं) चालू असतानाचं लुकलुकणं. फ्रेमरेट बदलला की दोन रिफ्रेशमधलं अंतर बदलतं आणि पिक्सेलची उजळी किंचित सरकते. फ्रेमरेट १२० वरून १०० वर सावकाश उतरला तर डोळ्याला कळत नाही. तो क्षणात ४० वर आपटून परत वर गेला की गडद भाग लुकलुकतो. लोडिंग स्क्रीनवर आणि मेनूत हे हमखास दिसतं. या मॉनिटरची व्हीआरआर कक्षा ४८ ते १८० हर्ट्झ आहे. फ्रेमरेट ४८ खाली गेला की प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते, ४५ चे ९० होतात, आणि त्या सीमेवर ये-जा होत राहिली तर लुकलुक सर्वात वाईट. उपाय साधा आहे. ग्राफिक्स कार्डाला सहज झेपेल असा आकडा शोधा, समजा ९०, आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून किंवा गेममधूनच तिथे फ्रेमरेट बांधून टाका. तरीही त्रास होत असेल तर त्या एका गेमपुरतं व्हीआरआर बंद करा.

पोर्टची बाजू थोडक्यात. एक डिस्प्लेपोर्ट १.४ आणि दोन एचडीएमआय २.०. यूएसबी हब नाही. पीसी असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. १४४०पी, १८० हर्ट्झ, १० बिट हे सगळं त्याच्या २५.९२ गिगाबिटच्या प्रत्यक्ष क्षमतेत कुठल्याही कॉम्प्रेशनशिवाय बसतं. एचडीएमआय २.० ची प्रत्यक्ष क्षमता १४.४ गिगाबिट, त्यामुळे तिथे ८ बिटमध्ये १४४ हर्ट्झला हात टेकावे लागतात. शिवाय एचडीएमआयवर ग्राफिक्स ड्रायव्हर कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि रंगांची व्याप्ती ‘लिमिटेड’ ठेवतो. काळा रंग धुरकट दिसला की पॅनेलला दोष देण्याआधी हे सेटिंग ‘फुल’ करून बघा.

पीएस५ वाल्यांनी दोनदा विचार करावा. पीएस५ ला १४४०पीची सोय सप्टेंबर २०२२ मध्ये आली, त्यामुळे १२० हर्ट्झ मिळतात. पण पीएस५ चं व्हीआरआर एचडीएमआय २.१ मागतं, ते इथे नाहीच. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस जुन्या एचडीएमआयवरही फ्रीसिंक (एएमडीचं व्हीआरआर) चालवू शकतात, म्हणून त्यांचं जरा बरं.

पहिल्या दिवशी करायची जुळणी अशी. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १८० निवडा, विंडोज बहुतेकदा ६० वरच बसलेलं असतं. ड्रायव्हरमध्ये रंगखोली १० बिट करा. रोजच्या कामासाठी एचडीआर बंद आणि लोकल डिमिंगही बंद. डिमिंग चालू ठेवून काळ्या पार्श्वभूमीवर माउस फिरवला की बाणामागे उजेडाचा डाग चालत राहतो आणि अर्ध्या तासात जीव नकोसा करतो. गेमच्या आधी विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकत्र दाबली की एचडीआर चालू होतो, मग डिमिंग ‘स्ट्राँग’ करा. मायक्रोसॉफ्टचं मोफत विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन ॲप डिमिंग चालू असतानाच चालवा, नाहीतर त्यातले आकडे चुकीचे बसतात. गेममध्ये कमाल उजळी विचारली तर १००० पासून सुरुवात करा आणि ढगांमधला तपशील पुसला जात नाही तोवर वर न्या. पेपर व्हाइट (साध्या पांढऱ्या रंगाची उजळी) २०० च्या आसपास पुरे. एचडीआर नसताना माणसांचे चेहरे लालबुंद दिसत असतील तर तो बिघाड नाही, पॅनेलची रंगव्याप्ती मोठी आहे एवढंच. एसआरजीबी मोड (रंग नेहमीच्या व्याप्तीत आणणारा) लावला की चेहरे माणसात येतात.

ओलेडशी तुलना टाळता येत नाही. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा, म्हणून वलय नाही, शेपूट नाही. वेगात हा मॉनिटर त्याच्या जवळपासही नाही. पण बहुतेक ओलेड मॉनिटर पूर्ण पांढऱ्या पडद्यावर २५० निट्सच्या आसपास थांबतात, आणि क्यूडी-ओलेड या ओलेडच्याच एका प्रकाराचा काळा रंग खोलीत उजेड असला की जांभळट राखाडी दिसतो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येणारी खोली, डोक्यावर ट्यूबलाइट, दिवसभर एक्सेल किंवा कोडिंग आणि रात्री दोन तास गेम, असा दिनक्रम असेल तर मिनी-एलईडी जास्त सुखाचा. टास्कबार कायमचा उमटून बसण्याची धास्तीही नाही. दिवे मालवून खेळणाऱ्याने आणि पैसे साठवू शकणाऱ्याने ओलेडसाठी थांबावं.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेबही करून ठेवा. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख पिक्सेल, १०८०पीच्या पावणेदोन पटींहून थोडे जास्त. १०८०पीला जेमतेम ६० फ्रेम देणारं कार्ड इथे ४० च्या घरात येईल, म्हणजे नेमकं त्या लुकलुकणाऱ्या सीमेखाली. अशा वेळी आधी कार्ड बदला, मॉनिटर नंतर.

भारतात घेताना डॉलरमधल्या किमतीला भुलू नका. २७ इंची मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि आयात करून विकणाऱ्याचा नफा वेगळा. भाव जर ओलेडच्या पाऊण किमतीपर्यंत गेला तर या मॉनिटरचं सगळं गणितच कोसळतं, कारण त्याचे दोष माफ होतात ते स्वस्त आहे म्हणूनच. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आणायचा बेत असेल तर वॉरंटी इथे चालेल का हे आधी लेखी विचारा. मॉनिटरची वॉरंटी बहुधा विकलेल्या देशापुरतीच असते, आणि फुटलेलं पॅनेल बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या मॉनिटरएवढा येतो.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील आणि सिरीयल नंबर दिसेल असा. ऑनलाइन विक्रेते तुटफुटीच्या तक्रारीला तोच मागतात. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाच सपाट पडदे लावून मेलेले पिक्सेल शोधा. त्यानंतर गडद राखाडी पडदा लावा, मळकट पट्टे त्याच्यावर सहज दिसतात. शेवटी तुमच्या सर्वात अंधाऱ्या गेममध्ये जाऊन कॅमेरा गरागरा फिरवा. ती काळी शेपूट डोळ्याला सलत असेल तर परतीची मुदत संपायच्या आत खोकं परत भरा, कारण ती सवयीने काहींना दिसेनाशी होते आणि काहींना रोज थोडी जास्तच दिसत जाते.