घट्ट टायर रिमवर चढवायला हात, प्लॅस्टिकची पट्टी की टॉमी?

नवा टायर बसवताना बहुतेक काम हातानंच होतं. अडतं ते शेवटच्या वीतभर भागात. तिथं हात, कड उचलायची प्लॅस्टिकची पट्टी की टॉमी, म्हणजे त्याच कामाची लोखंडी दांडी, याचं उत्तर सायकलला वेगळं आणि मोपेडला वेगळं.

पण आधी टायरवरचा आकडा वाचा. '२८ इंची' म्हणून मिळणाऱ्या टायरांत कड रिमवर बसते तिथल्या व्यासाची दोन मापं असतात: जुन्या काळ्या रोडस्टर सायकलचं ६३५ मिमी आणि हायब्रिड सायकलचं ६२२. व्यासात १३ मिमीचा फरक म्हणजे घेरात जवळजवळ ४१. टायरच्या कडेतली तार ताणली जात नाही, तेव्हा ६२२ चा टायर ६३५ च्या रिमवर चढणारच नाही; दुकानदार काहीही म्हणो. '२६ इंची'तही ५५९ आणि ५९० असा घोळ आहेच.

माप जुळत असेल तर सायकलला हातच बरे. खरी युक्ती ताकदीची नाही. रिमच्या मधोमध खोलगट चर असतो, तिथला घेर रिमच्या कडेपेक्षा कमी. टायरची कड चरात उतरवली की तेवढी ढील समोरच्या बाजूला मिळते. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा बुड जाड असल्यानं कड चरात जात नाही, म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. दोन्ही तळव्यांनी कड दाबत, ढील पुढे सरकवत यायचं. ट्यूबमध्ये हवा आकार येण्यापुरतीच. कडेला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं.

तरीही राहिलंच, तर प्लॅस्टिकची पट्टी. चर उथळ असलेल्या अ‍ॅलॉय रिमवर ती लागतेच. एका वेळी दोन बोटं रुंदीएवढीच कड उचला. लांब घास घेतला की पट्टी मोडते, नाहीतर ट्यूब चिमटते. नव्या ट्यूबला पहिल्याच दिवशी पंक्चर निघतं ते बहुधा यामुळेच.

लोखंडी टॉमी सायकलला मी लावणार नाही. अ‍ॅलॉयवर ओरखडे पडतात, रिमची कड वाकते. मोपेडची गोष्ट निराळी. टीव्हीएस एक्सएलच्या २.५०-१६ टायरच्या जाड भिंतीपुढे प्लॅस्टिक टिकत नाही. चाक गोणपाटावर आडवं ठेवा, समोरच्या कडेवर गुडघा रोवून ती चरात धरा आणि दोन टॉमींनी थोडं थोडं चढवा. स्टीलच्या रिमला त्यानं काही होत नाही. टायर आधी तासभर उन्हात ठेवला तर भिंत नरम पडते, तार मात्र तेवढीच राहते.

मागचं चाक काढायला चेन, ब्रेक सगळं सोडावं लागतं. त्याचा सराव नसेल, तर मोपेड सरळ पंक्चरवाल्याकडे न्या आणि तो बसवत असताना शेजारी उभे राहा. हवा भरल्यावर टायरवरची रिमलगतची बारीक रेघ चाकभर सारखी दिसते का, ते बघा. कुठं आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा बसवायला लावा.