गुडघ्यातला ‘पू’, तुंबडीमागे साडेतीन हजार

नाशिकमध्ये सकाळी पळायला किंवा चालायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. तुम्ही लंगडत चालला आहात, एखादा अनोळखी माणूस आपुलकीने चौकशी करतोय आणि बोलता बोलता ‘बाहेरगावचे एक डॉक्टर घरी येऊन गुडघ्यातला पू काढून देतात’ असं सांगतोय, तर त्याच्याकडून नंबर घेऊ नका आणि आपला देऊ नका. ही टोळी आहे. पुण्या-मुंबईत असे गुन्हे आधी नोंदवले गेले आहेत, बहुतेक ज्येष्ठ नागरिकांच्या फसवणुकीचे. आता त्यांना पळणारे लोकही सापडायला लागलेत.

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी माझी अर्ध्या अंतराची, 21.097 किलोमीटरची तयारी चालू होती. रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे धरणाच्या दिशेने लांब पल्ला, मधल्या वारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या आणि कधीतरी चढाच्या सरावाला पांडवलेणीच्या पायऱ्या. दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. चढताना काही नाही, उतरताना मात्र सुरी लागल्यासारखी कळ यायची. सुरुवातीचे काही किलोमीटर बरे जायचे आणि मग पाय वाकवणंच नको व्हायचं.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रेत काही निघालं नाही. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने बोट नेमक्या जागी दाबून सांगितलं, आयटी बँड. मांडीच्या बाहेरून कंबरेपासून गुडघ्याच्या खालच्या हाडापर्यंत एक जाड पट्टा जातो. अंतर एकदम वाढवलं, उतारावर फार पळलं, कंबरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असले, की हा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याशी दाबला जातो आणि तिथे जळजळतं. पळणाऱ्यांमध्ये अगदी नेहमीचं दुखणं. उपाय कंटाळवाणा आहे. लांब पल्ला आणि उतार बंद, कुशीवर झोपून पाय उचलायचे व्यायाम, मग हळूहळू परत अंतर वाढवायचं. सहा ते आठ आठवडे धरा, म्हणाली. जानेवारीची खात्री द्यायला तिने चक्क नकार दिला.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण, हा माणूस नेमका त्या नकाराच्या फटीतून आत शिरला.

ट्रॅकच्या बाहेर मी पाय ताणत उभी होते. चाळिशीचा गृहस्थ, चांगले बूट, हातात घड्याळ, अस्खलित मराठी. “ताई, उतारावर दुखतं का?” हा त्याचा पहिला प्रश्न. आता विचार केला की कळतं, गुडघा दुखणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला उतारावर दुखतंच. त्या क्षणी मात्र वाटलं, हा जाणकार दिसतोय. त्याच्या वडिलांना म्हणे ऑपरेशन सांगितलं होतं, आता ते रोज पंचवटीपर्यंत चालत जातात. मग सहज विचारल्यासारखं, “तुमची रेस कधी आहे?” मी जानेवारीचा तिसरा रविवार म्हटल्यावर तो हसला. “भरपूर वेळ आहे की! साहेब परवा नाशिकात आहेत, मग महिनाभर येणार नाहीत.” पैशाचा विषय नाही, स्वतःच्या फायद्याचा विषय नाही. नंबरसुद्धा मी मागितल्यावर दिला.

फोनवरचे ‘साहेब’ फार कमी बोलले. वय, वजन, साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. खरे डॉक्टर विचारतात तेच प्रश्न. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आणि एक मदतनीस घरी हजर. घरी मी आणि सासूबाई. ही वेळही त्यांनीच ठरवली होती, “साहेब संध्याकाळी निघणार आहेत” असं सांगून.

आधी गुडघ्याला कसलंसं तेल चोळलं. मग ब्लेडने बारीक चिरा दिल्या, आणि त्यावर पितळी नळी टेकवून ‘साहेब’ तोंडाने ओढू लागले. आपल्याकडे जत्रेत तुंबडी लावणारे बसायचे, तोच प्रकार, फक्त हातात ग्लोव्ह्ज. नळी ताटलीत झटकली की पिवळा, चिकट ठिपका पडायचा. “बघा आई, किती साठलंय,” असं ते मला नाही, सासूबाईंना दाखवत होते. दर आधीच सांगितला होता, एका तुंबडीला साडेतीन हजार. “ताई तरुण आहेत, पाच-सहा निघतील,” असंही सांगितलं होतं. काम सुरू झाल्यावर मदतनीस वहीत रेघा ओढत गेला आणि वेग इतका वाढला की मोजणं शक्यच नव्हतं. मी थांबा म्हटलं तर उत्तर तयार, “तोंड उघडलंय, आता अर्धवट सोडलं तर विष मांडीत चढेल.” सासूबाई घाबरल्या. शेवटी वहीत बासष्ट रेघा आणि दोन लाख सतरा हजारांचा हिशेब. मग ‘मुलीसारखी आहेस’ म्हणून सूट देऊन नव्वद हजार. दोन वेगवेगळ्या यूपीआय खात्यांवर भरायला लावले. पावतीवर दवाखान्याचं नाव होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर लांब उभी केलेली, त्यामुळे वॉचमनच्या वहीतही काही नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही फोन बंद.

माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी जखमा पाहिल्यावर पहिल्यांदा धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कावीळ बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या लिहून दिल्या. एकदा लगेच, नंतर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा. वापरलेलं ब्लेड आणि तोंडाने ओढलेली नळी, पैशापेक्षा हा धोका मोठा. मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक गुडघेदुखीवाल्याच्या घरी माहीत असायला हवं. निरोगी गुडघ्यात वंगणासारखं पाणी असतं, पण किती? चहाचा चमचा भरेल न भरेल एवढं. ते सांध्याच्या बंद पिशवीत असतं, कातडीला वरवर चिरा देऊन बाहेर येतच नाही. गुडघ्यात पाणी जास्त झालं तर डॉक्टर निर्जंतुक सुई आत घालून सिरिंजने काढतात आणि तपासायला पाठवतात. आणि सांध्यात खरोखर पू झाला तर गुडघा सुजून गरम होतो, बहुधा ताप भरतो, पाय टेकवत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. “तुम्ही आदल्या रविवारी सोळा किलोमीटर पळून आलात,” ते म्हणाले, “पू असता तर बाथरूमपर्यंतही चालता आलं नसतं.” ताटलीतलं पिवळं नळीत नाहीतर तोंडात आधीच ठेवलेलं असणार, असं त्यांचं मत.

यात दुखऱ्या गुडघ्याइतकाच रेसच्या तारखेचाही वापर झाला, असं मला वाटतं. ज्येष्ठांना ते ऑपरेशनची भीती घालतात, आम्हा पळणाऱ्यांना ‘बिब (रेसमध्ये छातीवर लावायचा नंबर) फुकट जाईल’ ही. ज्याला खरं काही येतं तो तारखेची हमी देत नाही, हे आता पक्कं कळलंय.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318, आणि नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय केल्याबद्दल 1961 च्या महाराष्ट्राच्या कायद्याचं कलम 33 लागतं, तेव्हा ठाण्यात ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिले ना’ असं कोणी म्हणालं तर ही दोन्ही कलमं सांगा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर खाती रिकामी झाली होती. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतं. घरी येणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा, दाराबाहेरच. आणि ताटली, कापूस, ब्लेड काही धुऊ नका, फेकू नका. आमच्या सासूबाईंनी किळस येऊन सगळं घासून ठेवलं आणि पोलिसांना द्यायला फक्त ती पावती उरली.

रेस सोडली. व्यायाम चालू आहेत, सपाटीवर थोडं पळता येतंय. ट्रॅकवरच्या एका निवृत्त काकांनाही त्याच सुमारास ‘वडिलांचं ऑपरेशन टळलं’ची गोष्ट ऐकवली गेली होती, त्यांचाही जबाब झालाय. नाशिकमध्ये आणखी कोणाला असा माणूस भेटला असेल तर जवळच्या ठाण्यात जाऊन सांगा, पैसे दिले नसतील तरीही. मोबाइल नंबर जुळले तर तपासाला तेवढीच मदत होईल, असं तपास अधिकारी म्हणाले.