काजूचा कारखाना आणि तिघांची एजन्सी: आठ महिने झाले

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याला, उचगावच्या बाजूला आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. बी चंदगड-खानापूर भागातली, गिऱ्हाईक गोवा, कोल्हापूर, हुबळीचं. ऑगस्ट २०२५ पासून वेबसाईटचं काम टिळकवाडीतल्या तीन पोरांच्या एजन्सीकडं आहे. त्याआधी दोन वर्षं ते एका मोठ्या शहरातल्या एजन्सीकडं होतं. नावं दोघांचीही देत नाही.

पहिल्यांनी ६५ हजार घेतले, वर १८ टक्के जीएसटी. साईट दिसायला झकास, पण साचा कपड्यांच्या दुकानाचा. आमच्या धंद्यात प्रत डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशी बोलतात. आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात तो, म्हणजे आकडा लहान तितका काजू मोठा. त्यांनी तो आकडा साईजच्या खान्यात घातला आणि ३२० ला 'लार्ज' करून ठेवलं! महिनाभर लोकांचे फोन, काजू बारीक आला म्हणून. दुरुस्ती हवी तर तिकीट काढा, म्हणजे त्यांच्याकडं लेखी तक्रार नोंदवा, आठ दिवस थांबा. दर बदलायचा तरी तिकीट, आणि प्रत्येक बदलाला ५०० रुपये. काजूचा दर कधी कधी आठवड्यात दोनदा हलतो. शेवटी वैतागून साईटवर 'दरासाठी फोन करा' लिहायला लावलं. त्याचेही ५०० लावले.

कन्नड पान तर मशीननं केलेलं. पाकळी काजूचं (दोन भागांत फुटलेल्या काजूचं) त्यात फुलाची पाकळी झालं होतं, 'दळ'. आमचा हिशेबनीस कन्नड शाळेत शिकलेला, तो वाचून खुर्चीतच हसत बसला. हुबळीच्या व्यापाऱ्यानं मात्र फोन करून विचारलं, फुलं कधीपासून विकायला लागलात?

सोडायचं ठरवलं तेव्हा खरी गोम कळली. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, त्यांच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर. दुसरीकडं न्यायला लागणारा कोड मिळवायला सहा आठवडे हात जोडले. शिवाय साईट सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल सर्टिफिकेटचे दरवर्षी ३ हजार घेत होते. तेच लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं आणि आपोआप नवं होतं, हे नंतर कळलं.

म्हणून या वेळी कुणाचं सादरीकरण बघितलं नाही. तीन एजन्सींना एकच छोटं काम पैसे देऊन सांगितलं: बिलातला जीएसटी नीट करून दाखवा. आमच्याकडं हा घोळ रोजचा. शिनोळी हाकेच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात, म्हणून तिथल्या बिलाला आयजीएसटी. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, पण आपल्याच राज्यात, म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी अर्धा अर्धा. जुनी साईट सरसकट एकच लावायची आणि सीए माझ्यावर खेकसायचे. दोघांनी 'यासाठी वेगळं मॉड्यूल लागेल' म्हणून कोटेशन पाठवलं. टिळकवाडीचा पोरगा स्वतः कारखान्यावर आला, जुनी चार बिलं मागितली, चहा घेतला आणि तिसऱ्या दिवशी करून दिलं. काम त्यालाच.

२८ हजारांत वर्डप्रेस-वूकॉमर्स या ऑनलाईन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर नवी साईट झाली. महिन्याला दीड हजार, त्यात तीन तासांचं काम. डोमेन, होस्टिंग माझ्या नावावर, माझ्या कार्डावर. दर बदलायला एक साधा तक्ता दिलाय, आमची सूनबाई मोबाईलवरून बदलते. शोधात 'बेळगाव', 'बेळगावी' आणि 'बेलगाम' तिन्ही चालतील अशी सोय केली; शहराचं नाव २०१४ मध्ये बदललं तरी मुंबईची माणसं अजून जुनंच टाईप करतात.

खरी परीक्षा सप्टेंबरात झाली. खाऱ्या काजूवरचा कर २२ तारखेपासून १२ वरून ५ वर आला, साध्या गरावर आधीच ५ होता. रविवारी रात्री साडेनवाला फोन केला. "करालोय की काका, बारा वाजूदेत, आधी केलं तर आजची बिलं चुकतील." घटस्थापनेच्या सकाळी पहिलं बिल बरोबर निघालं. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

सगळं गोडच आहे असं नाही. दिवाळीच्या ऐन आठवड्यात भर दुपारी त्यांनी प्लगइन (साईटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. गिऱ्हाइकाचे पैसे कटायचे, पण पेमेंट कंपनीचा निरोप साईटपर्यंत पोचायचा नाही, त्यामुळं ऑर्डरच दिसायची नाही. अशा ११ ऑर्डरी. रात्री एकपर्यंत बसून पोरांनी एकेक जुळवली, पैसे घेतले नाहीत, पण दोन गिऱ्हाइकांनी मला फसवा म्हटलं ते म्हटलंच. आता सणाच्या पंधरवड्यात अपडेट नाही, असं लिहून घेतलंय. गणपतीत तर तिघंही गायब असतात, तेव्हा फोन करून उपयोग नाही. आणि कन्नड त्यांच्यात कुणालाच धड लिहिता येत नाही. ते पान शेवटी आमच्या हिशेबनिसानंच लिहिलं, पाकळीला 'होळु' घालून.

करार महिन्या-महिन्याचा आहे. परवा त्यांनी वर्षाचा केला तर दोन महिने फुकट म्हणून विचारलं. मी म्हटलं, दिवाळी जाऊदे, मग बोलू.