डीसी लोडवर सॉलिड स्टेट रिले: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डीसी सॉलिड स्टेट रिलेवर (एसएसआर, म्हणजे हलणारे संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) ठळक छापलेला अँपिअरचा आकडा घेताना सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो आणि वापरताना सगळ्यांत कमी कामाला येतो. गेले काही महिने माझ्याकडे १२ व्होल्टच्या चार लोडवर हे रिले होते: थ्रीडी प्रिंटरचा तापणारा बेड, पाण्याचा छोटा डायफ्रॅम पंप, ठिबकाचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि एलईडी पट्ट्या. बेड आणि पंप यांवर ते आजही आहेत. उरलेल्या दोन ठिकाणचे काढून टाकले. ते का, हे खाली येईलच.

आधी डीए आणि डीडी हा घोळ मिटवू. नावात ‘डीए’ असलेला रिले डीसी सिग्नल घेऊन एसी लोड चालू-बंद करतो. त्याच्या पोटात ट्रायॅक किंवा एससीआरची जोडी (एसीसाठीचे इलेक्ट्रॉनिक स्विच) असते. ट्रायॅक एकदा चालू झाला की त्यातून वाहणारा करंट शून्यापर्यंत उतरल्याशिवाय बंद होत नाही. ५० हर्ट्झच्या एसीत ती संधी सेकंदाला १०० वेळा मिळते, डीसीत कधीच नाही. त्यामुळे असा रिले डीसीवर लावला तर लोड व्यवस्थित चालू होतो आणि सिग्नल काढला तरी चालूच राहतो. रिलेत दोष नसतो, त्याची घडणच तशी आहे. डीसी लोडला ‘डीडी’ लागतो. त्याच्या आउटपुटच्या स्क्रूंपाशी अधिक-उणे खुणा असतात. तिथे नागमोडी रेघ दिसली तर तो आपल्या कामाचा नाही.

आता मुख्य मुद्दा, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे रिलेतच खर्च होणारे व्होल्टेज. डीडी प्रकारात दोन जाती मिळतात आणि बाहेरून त्या जुळ्या दिसतात. एकात मॉसफेट (गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) असतो, दुसऱ्यात साधा पॉवर ट्रान्झिस्टर किंवा डार्लिंग्टन (दोन ट्रान्झिस्टरांची जोडी). माझ्याकडे दोन्ही आले आणि दोघांच्या कपाळावर ४० अँपिअर असेच लिहिलेले. बेडची रेझिस्टन्स १.२ ओहम, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर आणि १२० वॅट. आधी ट्रान्झिस्टरवाला रिले लावून त्याच्या आउटपुट टर्मिनलांवर मल्टिमीटर धरला तर १.१ व्होल्ट. बेडच्या वाट्याला उरले १०.९. करंट ९ अँपिअरच्या आसपास आला, बेडची ताकद ९९ वॅटवर उतरली आणि रिले स्वतः १० वॅट गिळून तापत बसला. बेड ठरलेल्या तापमानाला पोहोचायला किती रेंगाळत होता ते सांगायला नको. मॉसफेटवाल्या रिलेवर त्याच लोडला ०.१२ व्होल्ट. गणित केले तर १२ मिलिओहम, म्हणजे फक्त १.२ वॅट उष्णता. बोटाने सहज स्पर्श करता येतो.

२३० व्होल्टच्या लाइनवर एखादा व्होल्ट गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तोच व्होल्ट म्हणजे आठ टक्के. एसीवरच्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत त्या यामुळे.

बरे, मॉसफेटवाला ४० अँपिअरचा म्हणून त्यातून खरेच ४० अँपिअर न्यावेत का? ४० चा वर्ग गुणिले १२ मिलिओहम म्हणजे १९ वॅटहून जास्त, शिवाय मॉसफेट तापला की त्याची रेझिस्टन्स आणखी वाढते आणि उष्णताही. पंख्यासह मोठा हीटसिंक असेल तर बघावे. नुसता प्लॅस्टिकच्या डब्यात स्क्रूने आवळलेला रिले असेल तर छापील आकड्याच्या पाव भागापलीकडे मी जात नाही. बेडचा रिले ॲल्युमिनिअमच्या हीटसिंकवर थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन बसवला आहे. पेस्ट लोण्यासारखी थापायची नसते, दोन पत्र्यांमधल्या बारीक फटी भरतील एवढीच लागते.

पंपाची कथा वेगळी. आधी तिथे निळा साधा रिले होता, ३० व्होल्ट डीसीला १० अँपिअर असे लिहिलेला. मोटर बंद होताना दर वेळी संपर्कांत ठिणगी पडायची. एसीत ती पुढच्या शून्याला आपोआप विझते, डीसीत ताणली जाते आणि संपर्क खडबडीत होत जातात. एसएसआरने ठिणगी आणि टकटक दोन्ही संपवले. पण मोटरच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा कुठे तरी जाणारच. करंट अचानक तोडला की ती उलट्या व्होल्टेजचा फटका देते आणि ६० व्होल्टचा मॉसफेट तो किती वेळा सोसेल याची खात्री नाही. म्हणून पंपाच्या दोन तारांवर १एन५४०८ डायोड आडवा टाकला, पट्टीची बाजू प्लसकडे. तो रिलेपाशी न लावता पंपाजवळ लावा, म्हणजे फटका लांब तारांमधून फिरत नाही. एसएसआरच्या पोटात संरक्षण असते असे जाहिरातीत म्हणतात. असेल, तरी डायोड लावाच, दोन मिनिटांचे काम आहे.

मॉसफेटमध्ये जन्मजात एक डायोड असतो, हे बरेच जण विसरतात. आउटपुटच्या तारा उलट जोडल्या तर रिले बंद असूनही लोड चालू राहतो, कारण करंट त्या डायोडमधून निघून जातो. याच कारणाने असा रिले सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये टाकून ‘रात्री उलटा करंट अडवतो’ म्हणणे चुकीचे आहे. एकच मॉसफेट एकाच दिशेने अडवतो. दोन्ही दिशांना अडवायचे तर पाठीला पाठ लावलेले दोन मॉसफेट लागतात.

एलईडी पट्ट्यांवरचा रिले काढला तो मंद-तेज करण्यासाठी. डीडी रिलेच्या बऱ्याच नमुन्यांत आतला एलईडी फोटोडायोडच्या माळेवर प्रकाश टाकतो आणि त्यातून निघणाऱ्या काही मायक्रोअँपिअरवर मॉसफेटचा गेट भरायचा असतो. समजा गेटला ६० नॅनोकूलॉम्ब चार्ज लागतो आणि मिळतात २० मायक्रोअँपिअर, तर भरायलाच ३ मिलिसेकंद गेले. आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाचा बहुतेक पिनांवरचा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद करून तेज कमी-जास्त करणारा सिग्नल) ४९० हर्ट्झचा, म्हणजे पूर्ण फेरी २ मिलिसेकंदांची. गेट भरून होण्याआधीच रिकामा करायची वेळ येते, मॉसफेट अर्धवट उघडा राहतो, आणि अर्धवट उघडा मॉसफेट म्हणजे शेगडी. त्या जागी आता आयआरएलझेड४४एन हा सुटा लॉजिक-लेव्हल मॉसफेट आहे, गेटला १०० ओहम आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम. पट्ट्या आणि कंट्रोलर एकाच सप्लायवर चालतात, तेव्हा विलगीकरणाची (सिग्नल आणि लोड विजेने वेगळे ठेवण्याची) गरज तशीही नव्हती. किमतीत तर तुलनाच नाही. बेडला मात्र पीडब्ल्यूएमची घाई नाही. मार्लिन या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बेडचे नियंत्रण बँग-बँग (गार झाला की पूर्ण चालू, तापला की पूर्ण बंद) ठेवले की रिले काही सेकंदांनी एकदा चालू-बंद होतो, त्याला ते उत्तम जमते.

व्हॉल्व्हवरचा रिले काढण्यामागे काही खोल कारण नाही. दिवसातून मोजक्या वेळा उघडणाऱ्या, अर्धा अँपिअर घेणाऱ्या सोलेनॉइडला एवढा ठोकळा कशाला? तिथे साधा रिले आणि डायोड पुरतो.

इनपुट ३ ते ३२ व्होल्ट चालते असे लिहिलेले असते आणि ते खरेही आहे, पण ३.३ व्होल्टच्या बोर्डावर ती खालची कड फार जवळ येते. ईएसपी८२६६ या वाय-फाय बोर्डाच्या पिनेवरून थेट चालवताना रिले चालू व्हायचा, पण मला त्यावर विसंबायचे नव्हते. आता मध्ये बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर आहे, बेसला १ किलोओहम, आणि रिलेच्या इनपुटला ५ व्होल्ट. बेसपासून ग्राउंडला १० किलोओहमही द्या. आणि जीपीआयओ (बोर्डाच्या सिग्नल पिना) ० किंवा २ वर लोड लावू नका: बोर्ड सुरू होताना त्या पिना ‘हाय’, म्हणजे चालू, असाव्याच लागतात, म्हणजे वीज जाऊन आली की पंप क्षणभर उचकी देतो. ४ आणि ५ या पिना शांत आहेत.

तपासणीबद्दल दोन शब्द. रिलेवरचा लाल दिवा फक्त इनपुटला सिग्नल आला एवढेच सांगतो, आउटपुट खरेच जोडले गेले का हे त्याला माहीत नसते. मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर विसंबण्याऐवजी सरळ १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब लोड म्हणून लावा आणि रिलेवरचा ड्रॉप मोजा. नवा रिले आला की मी हेच आधी करतो आणि मिळालेला आकडा मार्करने त्याच्या बाजूला लिहून ठेवतो.

राहता राहिला बिघाड. यांत्रिक रिलेची कॉइल गेली तर लोड बंद पडतो. मॉसफेट मात्र जातो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे लोड चालूच राहतो. एलईडी पट्टीला ते परवडेल, तापणाऱ्या बेडला नाही. सॉफ्टवेअरने कितीही ‘बंद’ म्हटले तरी त्या वेळी ऐकायला कोणी नसते. म्हणून बेडच्या वाटेत तीन गोष्टी आहेत: सप्लायपाशी १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, बेडच्या खाली चिकटवलेला थर्मल फ्यूज (फार तापला की तुटणारा), आणि एसएसआरच्या आधी एक गाडीचा ३० अँपिअरचा यांत्रिक रिले. तो प्रिंट सुरू होताना एकदा जोडला जातो आणि तापमान मर्यादेबाहेर गेले की सोडून देतो. एरवी करंट तोडायचे काम एसएसआरच करतो, त्यामुळे त्या रिलेच्या संपर्कांना ठिणगी सोसावी लागत नाही. पंपाला फ्यूज आणि टाकीतला तरंगता स्विच एवढ्यावर भागवले आहे. तो स्विच पंपाच्या तारेतच सरळ जोडलेला आहे, कंट्रोलरला न विचारता काम करणारा.