साउथ्सची एक नंबरची जर्सी: चर्चिल की इंग्लिस?

सिडनीच्या साउथ सिडनी रॅबिटोज (साउथ्स) या रग्बी लीग क्लबचा सर्वकालीन संघ निवडायला बसलं की फुलबॅकच्या, म्हणजे सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या एक नंबरच्या खेळाडूच्या जागेवर गाडी हमखास अडते. क्लाइव्ह चर्चिल की ग्रेग इंग्लिस?

इंग्लिस म्हणजे धिप्पाड देह आणि त्यात धावपटूचा वेग. त्याचा उजवा हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पडला की समोरचा आडवाच. 2014च्या ऑस्ट्रेलियन लीगच्या अंतिम सामन्यात बुलडॉग्स संघाला 30-6 असं हरवून साउथ्सने 43 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. शेवटचा ट्राय (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) इंग्लिसचा. मग तो घोरपडीसारखा जमिनीवर सरपटला. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

चर्चिल अंगाने लहानखुरा. त्याला ‘लिटल मास्टर’ म्हणत, आपल्या सुनील गावस्करांना ते नाव मिळायच्या कितीतरी आधी. तोवर फुलबॅक म्हणजे मागची राखण करणारा. चर्चिल मागून चेंडू घेऊन थेट चढाईत घुसायचा. 1955मध्ये मॅनली संघाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा हात मोडला. वहीच्या पुठ्ठ्याची फळी करून हात बांधला, तो खेळत राहिला आणि शेवटी कडेच्या रेषेजवळून किक मारून सामना 9-7 असा जिंकून दिला. पुढे प्रशिक्षक म्हणून आणखी चार विजेतेपदं, ती वेगळीच.

ताकदीत इंग्लिस सरस, यात वादच नाही. पण इंग्लिस ज्या पद्धतीने खेळला, ती वाट चर्चिलने पाडली. माझ्या संघात एक नंबर चर्चिलचाच. इंग्लिसला मी सेंटर या चढाईच्या जागेवर खेळवेन, तिथेही तो जगातल्या उत्तमांपैकी होता.