प्यूट्झ-जेगर्स: कॅप्सूल की एमआरआय, दुर्बीण की शस्त्रक्रिया?

प्यूट्झ-जेगर्स हा आनुवंशिक आजार: ओठांवर आणि तोंडात ठिपके, आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणाऱ्या गाठी. शंका असेल तर मुलाला ओठ मुडपायला सांगून उजेडात आतून बघा. उन्हाने येणारे ठिपके गालाच्या आत येत नाहीत. प्यूट्झ-जेगर्सचे काळपट-तपकिरी ठिपके ओठांची कड ओलांडून बाहेर येतात आणि गालाच्या आतही दिसतात. मोठेपणी ओठांवरचे फिकट होतात, म्हणून आईबाबांपैकी कुणाला लहानपणी होते का, तेही विचारा. ठिपके आणि बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) प्यूट्झ-जेगर्स प्रकारचा एक जरी पॉलिप सापडला, तरी निदान झालं. या आजारामागच्या 'एसटीके११' जनुकाची तपासणी त्याला दुजोरा देते आणि भावंडांसाठीही उपयोगी पडते.

खरा प्रश्न लहान आतड्याचा. तिथे पॉलिप वाढला की तो आतड्याला ओढत पुढच्या भागात शिरवतो आणि मार्ग बंद होतो. हे विशीच्या आतच पुष्कळांना होतं. म्हणून लक्षणं नसली तरी वयाच्या ८व्या वर्षी पहिली तपासणी करतात. पॉलिप सापडले तर ती साधारण दर ३ वर्षांनी, गरज पडल्यास त्याआधीही करावी लागते.

कॅप्सूल म्हणजे कॅमेरा असलेली गोळी, ती गिळायची असते. भूल नाही, नळी नाही. बारीक पॉलिप ती छान टिपते, पण एखादा मोठा पॉलिप निसटू शकतो आणि तो नेमका कुठे आहे हे सांगताना चूक होते. एमआर एन्टरोग्राफीत, म्हणजे आतड्याच्या एमआरआयमध्ये, १५ मिमीच्या पुढचे पॉलिप अधिक भरवशाने दिसतात, जागाही कळते आणि क्ष-किरण लागत नाहीत. मात्र आतडं फुगवणारं द्रावण बरंच पिऊन स्थिर पडून राहावं लागतं, ते लहान मुलांना अवघड जातं. माझा कौल: पहिल्या तपासणीला कॅप्सूल, मोठ्या पॉलिपची शंका असेल तर एमआर. पोटात कळा आणि उलट्या असतील तर मात्र कॅप्सूल नको, ती अडकू शकते. तेव्हा लगेच रुग्णालय गाठा.

१५ ते २० मिमीचा पॉलिप त्रास नसतानाही काढावा, त्रास देणारा त्याहून लहान असला तरी. बलून एन्टरोस्कोपीत, म्हणजे फुग्याच्या मदतीने लहान आतड्यात खोलवर नेलेल्या दुर्बिणीने, पोट न उघडता तो काढता येतो. रक्तस्राव आणि आतड्याला भोक पडणं हे धोके आहेत, त्यामुळे हात बसलेलाच डॉक्टर शोधा. आतडं आधीच शिरलेलं असेल किंवा पॉलिप फार मोठा असेल तर शस्त्रक्रियाच. पण दरवेळी आतड्याचा तुकडा काढला तर आतडं आखूड होत जातं. म्हणून सर्जनना आधीच विचारा: पोट उघडलेलं असताना दुर्बीण घालून बाकीचे पॉलिपही काढणार ना?