जँगोला पॅच पाठवताना: टेस्ट आणि कोड क्वालिटीच्या नियमांचा वापरानंतरचा अनुभव

जँगो, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, वापरणारे आपल्याकडे भरपूर आहेत, पण त्याच्या डॉक्युमेंटेशनमधला ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ हा भाग उघडून बघणारे फार थोडे. मी पुण्यात वेब ॲप्लिकेशन्सचं काम करतो आणि गेले बरेच महिने सुट्टीच्या दिवशी जँगोच्याच कोडवर बसतोय. त्या भागातले टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारा कोड) आणि कोड-स्टाइलचे नियम आता हाताला चांगलेच सरावलेत. मत आधीच सांगून टाकतो: नवख्या माणसाला इतका आधार देणारे नियम मला दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये भेटले नाहीत. ते कडक आहेत म्हणूनच आधार देतात. समोरच्या रिव्ह्यूअरला, म्हणजे कोड तपासणाऱ्याला, काय आवडेल याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. बहुतेक गोष्टी पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवण्याआधी आपल्या लॅपटॉपवर आपणच तपासू शकतो.

जँगो २००५ साली ओपन सोर्स झाला. त्याचा जन्म अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राच्या वेब विभागात. तेव्हापासून कितीतरी लोक आले, काम करून गेले. आज तुम्ही उघडलेली फाइल ज्याने लिहिली तो माणूस कदाचित प्रोजेक्टमध्ये नसेलच, आणि अमुक ओळ तशी का आहे हे विचारायला कुणी सापडणार नाही. त्याने लिहिलेली टेस्ट मात्र जागेवर असते. ओळ बदलली की ती लाल, म्हणजे नापास, होते आणि कारण कळतं. हे लक्षात आलं की टेस्टबद्दलचा आग्रह जाचक वाटत नाही.

सगळ्यात मोलाचा नियम एका वाक्यात सांगता येतो: बग दुरुस्त करणाऱ्या पॅचसोबत रिग्रेशन टेस्ट (तोच बग पुन्हा आला तर पकडणारी टेस्ट) हवीच, आणि ती टेस्ट दुरुस्तीआधी नापास आणि दुरुस्तीनंतर पास झाली पाहिजे. ऐकायला साधं आहे. करताना क्रम असा असतो. आधी फक्त टेस्ट लिहायची, चालवायची आणि ती कोणत्या कारणाने पडते ते नीट वाचायचं. इम्पोर्ट चुकलाय म्हणून पडली तर तिचा उपयोग नाही. तिकिटात, म्हणजे बगच्या नोंदीत, जी चुकीची किंमत नोंदवली आहे तीच किंमत आउटपुटमध्ये दिसली, तर आपण योग्य ठिकाणी पोचलो. मग दुरुस्ती. नंतर मी एक पायरी हमखास करतो: गिट या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या स्टॅशने फक्त दुरुस्ती बाजूला काढतो, टेस्ट तशीच ठेवतो आणि पुन्हा चालवतो. ती परत लाल झाली तरच पॅच पाठवण्याजोगा. रिव्ह्यू करणाऱ्यालाही हेच करून बघता येतं, त्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची त्याला गरजच उरत नाही. अनोळखी माणसाचा कोड अनोळखी माणूस तपासतो तिथे याहून मोठी सोय नाही.

हे शिकवायला ‘पहिलं योगदान’ नावाचा एक धडा आहे, त्यात #९९९९९ हे खोटं तिकीट घेतलंय. मेक_टोस्ट नावाचं फंक्शन लिहायचं, जे फक्त ‘टोस्ट’ ही स्ट्रिंग परत देतं. फंक्शन इतकं क्षुल्लक असल्यामुळे सगळं लक्ष प्रक्रियेवर राहतं: रेपो (जँगोच्या कोडचा साठा) क्लोन करून आपल्याकडे आणा, टेस्ट चालवा, आधी नापास होणारी टेस्ट लिहा, मग कोड, मग डॉक्युमेंटेशन आणि रिलीज नोट. तिकीट शोधण्याआधी हा धडा हाताने करावा. नुसता वाचून भागत नाही.

टेस्ट कशी लिहावी याचे बारीक नियमही आहेत, आणि त्यातले दोन माझ्या रोजच्या कामात कायमचे आलेत. पहिला: खरं-खोटं तपासायला असर्टट्रू किंवा असर्टफॉल्स न वापरता असर्टइज वापरायचं आणि ट्रू किंवा फॉल्स स्पष्ट लिहायचं. कारण पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी धरली जाते. फंक्शनने ट्रूऐवजी ‘नो’ ही स्ट्रिंग परत दिली तरी असर्टट्रू खुशाल पास होतं. असर्टइज तिथे अडवतं. दुसरा: एरर येतो का हे तपासायला नुसतं असर्टरेझेस नको, एररचा मेसेजही जुळवणारं असर्टरेझेसमेसेज वापरा. व्हॅल्यूएरर हा एरर दहा ठिकाणांहून येऊ शकतो. आपल्याला अपेक्षित असलेल्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच दुसऱ्याच कारणाने तो उडाला, तर टेस्ट हिरवी दिसते आणि मूळ गोष्ट तपासलीच जात नाही. मेसेज जुळवला की ही पळवाट बंद होते. शिवाय युजरला दिसणारा मेसेज उगाच बदलला गेला तर तेही कळतं. हा नियम समजल्यावर आपल्या कुठल्याही जुन्या प्रोजेक्टमधल्या टेस्ट उघडून बघा, पोकळ टेस्ट डोळ्यांत भरायला लागतात.

टेस्ट चालवायला रनटेस्ट्स ही स्क्रिप्ट आहे. काही सेटिंग दिलं नाही तर ती एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालते, म्हणून सुरुवात करायला डेटाबेस सर्व्हर लावावा लागत नाही. हजारो टेस्ट आहेत, पण त्या प्रोसेसरच्या कोअर्समध्ये वाटून समांतर चालतात, आणि काम करताना आपण फक्त आपल्या विषयाचा फोल्डर चालवतो. साध्या लॅपटॉपवर निभतं. मात्र जँगो पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि ओरॅकललाही चालावं लागतं, आणि खरी गंमत इथे आहे. ऑर्डर_बाय (क्रम ठरवणारी सूचना) न लावता डेटाबेसमधून आणलेल्या ओळी एसक्यूलाइटवर बहुधा घातल्या त्याच क्रमाने येतात, त्यामुळे टेस्ट पास होते. पोस्टग्रेएसक्यूएल तशी कसलीही हमी देत नाही. पुल रिक्वेस्टवर (गिटहबवर आपला बदल घेण्याची विनंती) वेगवेगळ्या डेटाबेसच्या चाचण्या चालतात तेव्हा असे प्रकार उघडे पडतात. माझ्या मते हा संपूर्ण अनुभवातला सर्वात जास्त शिकवणारा भाग आहे, डेटाबेसबद्दल मी कुठल्याही कोर्सपेक्षा इथे जास्त शिकलो.

एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर चालवली तर नापास, अशी टेस्ट कुणाला भेटली नाही? त्यावर या स्क्रिप्टमध्ये ‘बायसेक्ट’ हा पर्याय आहे. तो बाकीच्या टेस्ट निम्म्या-निम्म्या करत आपल्या टेस्टला बिघडवणारी नेमकी टेस्ट शोधून काढतो. ‘रिव्हर्स’ने क्रम उलटा होतो, ‘शफल’ने पिसला जातो. ऑफिसच्या प्रोजेक्टमध्येही आम्ही आता टेस्ट अधूनमधून उलट्या क्रमाने चालवतो.

कोड-स्टाइलबद्दल थोडक्यात, कारण वाद घालण्यासारखं काही उरलेलंच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अख्खा कोड ब्लॅक या फॉरमॅटरने नव्याने मांडला. सोबत इम्पोर्ट क्रमाने लावणारं आयसॉर्ट आणि चुका दाखवणारं फ्लेक८ आहेत, आणि हे सगळं प्री-कमिट हुकमधून कमिट (बदलाची गिटमध्ये नोंद) करतानाच चालतं. कोडची ओळ ८८ अक्षरांपर्यंत, कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं त्याचं वर्णन) ७९ पर्यंत. तेवढ्या मोठ्या बदलामुळे गिट ब्लेमचा (कोणती ओळ कुणी बदलली हा) इतिहास झाकला जाऊ नये म्हणून ते कमिट वगळायची फाइलही रेपोत ठेवली आहे. ही काळजी मला फार आवडली. कॉमेंटमध्ये ‘आम्ही’ वापरू नका, टेस्टच्या डॉकस्ट्रिंगची सुरुवात ‘हे तपासते की’ अशी करू नका, थेट अपेक्षित वागणूक लिहा, हे नियम आधी किरकोळ वाटतात. शंभर टेस्ट ओळीने वाचताना त्यांची किंमत कळते. कमिट मेसेज भूतकाळात, ‘फिक्स्ड’, तिकीट क्रमांक, दोन डॅश आणि शेवटी पूर्णविराम, असा ठरलेला साचा आहे. त्यामुळे कुठल्याही ओळीवरून थेट तिकिटातल्या चर्चेपर्यंत जाता येतं.

आता अडचणी. तिकिटं ट्रॅक या बग-नोंदणीच्या साइटवर आणि कोड गिटहबवर, अशी दोन घरं सांभाळावी लागतात. पुल रिक्वेस्ट सुधारली तरी ट्रॅकवरची ‘पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट’ ही खूण आपण स्वतः काढायची असते. ती राहिली तर पॅच रिव्ह्यूच्या रांगेत दिसतच नाही. हे लिहिलेलं आहे, पण इतर मजकुराच्या गर्दीत पटकन नजरेत भरत नाही, ते अगदी वर हवं. दुसरं म्हणजे माहिती बऱ्याच पानांत विखुरली आहे: टेस्टचं एक पान, स्टाइलचं दुसरं, कमिटचं तिसरं. पॅच पाठवण्याआधी तपासायची यादी आहे, तीच मी छापून टेबलावर ठेवली आहे. तिसरी गोष्ट वाट बघण्याची. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ‘फेलो’ म्हणून काही जणांना मानधन देतं आणि तिकिटं व पॅच हाताळण्याचा मोठा भार ते उचलतात, पण बाकी काम स्वयंसेवकांचं. आपला पॅच आपणच ‘रेडी फॉर चेकइन’ करू शकत नाही, दुसऱ्या कुणीतरी तपासावा लागतो. नियम बरोबरच आहे. फक्त तपासणारे हात कमी आहेत.

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला असा, की ‘इझी पिकिंग्ज’ची (सोप्या कामाची) खूण असलेल्या तिकिटांमागे सगळ्यांनी धावण्यापेक्षा ट्रॅकवर ‘नीड्स टेस्ट्स’ हा फिल्टर लावून बघा. कुणीतरी दुरुस्ती लिहून ठेवलेली असते, टेस्ट नसल्यामुळे पॅच अडकलेला असतो आणि मूळ लेखक दुसऱ्या कामात गेलेला असतो. तिकिटावर विचारून ते पुढे न्या, मूळ लेखकाला कमिटमध्ये श्रेय द्या. आणि दुसऱ्याचा पॅच तपासायला कुणाची परवानगी लागत नाही: तो डाउनलोड करा, दुरुस्ती काढून टेस्ट चालवा, काय दिसलं ते तिकिटावर लिहा.

मराठीत योगदान द्यायचं असेल तर त्याची वाट वेगळी आहे. जँगोत मराठी लोकेल (मराठी अनुवादाचा संच) आहे, पण अनुवाद पुल रिक्वेस्टने घेत नाहीत, ते ट्रान्सिफेक्स या अनुवादाच्या साइटवर करावे लागतात.